तेल कुठलं घालू? ट्रॅक्टरवाल्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही कोपऱ्यात दोन ओळी छापल्या होत्या, ट्रॅक्टरच्या तेलाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा म्हणून. वाटलं होतं चार-पाच प्रश्न येतील. आले इतके की सगळे घ्यायचे तर अख्खा अंक तेलकट होईल. चिखलणी आटोपली, गणपतीची चवथ तोंडावर आलीय, ट्रॅक्टर चिखलातून बाहेर येऊन मांगरात उभे राहिलेत आणि आता एकेकाला आवाज ऐकू यायला लागलेत असं दिसतंय. बरेच प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत. नावं कुणाची घातलेली नाहीत, कारण दोघांनी स्पष्ट लिहिलंय की मेस्त्रीला कळलं तर तो पुढच्या वेळी येणार नाही.

प्रश्न : काका, बेळगावच्या बाजूने सेकंडहँड ट्रॅक्टर आणलाय, चाळीस एचपीच्या आसपासचा. पुस्तक मिळालं नाही. मागच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायचंय. दुकानदार म्हणतो हायड्रॉलिकचं ६८ नंबर घाल, मेस्त्री म्हणतो ९० नंबर गिअर ऑइल, शेजारी म्हणतो इंजिनचं उरलेलं आहे तेच ओत, तेल ते तेल. कुणाचं ऐकू? (डिचोली)

तिघांनी खोटं सांगितलं असं नाही हो, तिघं तीन वेगवेगळ्या यंत्रांबद्दल बोलतायत. तुमच्या ट्रॅक्टरात काय आहे ते तिघांपैकी कुणी वाकून बघितलेलं नाही, एवढंच.

इंजिन सोडून द्या, त्याचं तेल त्याच्यापुरतं. पण सीटखालची ती लोखंडाची मोठी पेटी आहे ना, तिच्यात बहुतेक ट्रॅक्टरमध्ये एकच तेल असतं आणि त्या एका तेलाला चार-पाच धंदे करावे लागतात. गिअरचे दात एकमेकांवर घासतात तिथं ते मधे टिकलं पाहिजे, तेच तेल पंप ओढून लिफ्टच्या, म्हणजे मागचं औजार उचलणाऱ्या, सिलिंडरला देतो म्हणजे तिथं ते चटकन वाहिलं पाहिजे, पेटी थंड ठेवायची, गंज येऊ द्यायचा नाही, आणि ब्रेक जर तेलातले असतील तर ब्रेकच्या प्लेटा त्याच तेलात बुडून एकमेकींना पकडतात. आता बघा, गिअरला हवं निसरडं, ब्रेकला हवी पकड, आणि तेल एकच. हे जमवायला जे खास तेल करतात त्याला यूटीटीओ म्हणतात, म्हणजे युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल. दुकानात कुणी ‘वेट ब्रेक ऑइल’ म्हणेल, कुणी ‘ट्रान्समिशन-हायड्रॉलिक’ म्हणेल, बादलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघायचं.

आता तिघांचं एकेक घेऊ. ६८ नंबर म्हणजे साधं हायड्रॉलिक तेल. ६८ हा आयएसओचा आकडा, चाळीस डिग्रीला तेल किती जाड आहे त्याचा, ६८ सेंटीस्टोक, दहा टक्के इकडे तिकडे. जिथं हायड्रॉलिकची टाकी वेगळी आहे, खोदाईच्या मशिनीत, प्रेसमध्ये, तिथं ते एकदम ठीक. पण त्यात गिअरचे दात वाचवायची औषधं नसतात आणि ब्रेकसाठीही काही नसतं. लिफ्ट मस्त उठेल, पहिले काही महिने तुम्ही दुकानदाराचं कौतुक कराल, आणि आत गिअर झिजत राहतील.

मेस्त्रीचं ९० नंबर जुन्या ट्रॅक्टरांवरून आलंय, ज्यांत गिअरबॉक्स वेगळा, हायड्रॉलिक वेगळं, ब्रेक बाहेर कोरडे. तसा ट्रॅक्टर असेल तर गिअरच्या बाजूला ९० बरोबरच आहे. पण तुमची पेटी एकत्र असेल तर ते जाड तेल पंपाला ओढायला जड, आणि तेलातल्या ब्रेकला तर नकोच. शिवाय ९० मध्येही जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन प्रकार येतात, जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची औषधं कडक असतात, पितळ-कांशाच्या बुशांना ती खातात, म्हणून जुन्या गिअरबॉक्सला ‘५ म्हणजे ४ पेक्षा भारी’ असं समजून घालू नका.

बरं, हे नंबरांचं एक कायमचं डोक्यात ठेवा. ९० नंबर गिअर ऑइल ४० नंबर इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड असतं असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. तसं काही नाही. दोन मापं वेगळी आहेत, मुद्दाम लांबचे आकडे दिले की घोळ होऊ नये म्हणून (आणि घोळ झालाच). शंभर डिग्रीला मोजलं तर ४० चं इंजिन ऑइल १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक आणि ९० चं गिअर ऑइल १३.५ ते १८.५. म्हणजे जवळजवळ सख्खे भाऊ. फरक जाडीत नाही, आत घातलेल्या औषधांत आहे. म्हणून शेजाऱ्याचं ‘तेल ते तेल’ तिथंच पडतं, इंजिनच्या तेलात काजळी तरंगत ठेवायची औषधं असतात, ती गिअरच्या पेटीत काय करणार? एक सांगतो, एसटीओयू नावाचं तेल असतं जे इंजिन आणि मागची पेटी दोन्हीकडे चालावं म्हणून बनवलेलं आहे, शेजाऱ्याने कधी ते बघितलं असेल तर त्याला सगळाच दोष नको. पण नेहमीचं इंजिन ऑइल म्हणजे ते नव्हे.

मग तुम्ही काय करायचं? आधी बघा मागे तेल घालायची झाकणं किती आहेत. गिअरला एक आणि हायड्रॉलिकला दुसरं, दोघांना आपापली डिपस्टिक, असं असेल तर तेलं वेगळी असू शकतात. मग ब्रेक बघा. तेलातले ब्रेक असले की कंपनी मडगार्डवर मोठ्या अक्षरात लिहिते, स्टिकर निघून गेला असेल तर ब्रेकच्या घराजवळ काळी कोरडी धूळ सापडते का बघा, ती कोरड्या ब्रेकची. शेवटी चेसिसच्या पाटीवरचं मॉडेल आणि साल लिहून घ्या आणि त्या कंपनीच्या कुठल्याही डीलरकडे जा, पुस्तकाची प्रत मिळते, निदान तेलाचं पान फोटो काढून तरी मिळतं. त्या पानावर ब्रँडपेक्षा महत्त्वाचा असतो तो कोड. जॉन डिअरचा जे २० सी, मॅसी फर्ग्युसनचा एम ११४५ किंवा आधीचे ११३५, ११४१, न्यू हॉलंडचा मॅट ३५२५, असे. बादलीच्या मागे तो कोड छापलेला असला की मग सर्वो घ्या, माक घ्या, दुसरं कुठलं घ्या, मला काही फरक पडत नाही. कोड नाही आणि नुसतं ‘सर्व ट्रॅक्टरांना चालते’ असं लिहिलंय तर ती बादली तिथंच ठेवा.

आणि एक, जुन्या मालकाने काय घातलं होतं ते माहीत नाही ना, मग एकदा बदलून भागणार नाही. ड्रेन केलं तरी सिलिंडरात, चाकांच्या बाजूच्या घरात बरंच जुनं तेल राहतं. माझा सल्ला, योग्य तेल घाला, पन्नासेक तास चालवा, फिल्टर बदला, तेल बाटलीत घेऊन बघा, गढूळ दिसलं तर परत बदला. खर्च आहे, कबूल. पेटीत वीस लिटरच्या दोन-दोन बादल्या सहज जातात. पण डिझेल घालून आत धुवायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा, ते डिझेल पूर्ण निघत नाही आणि नवीन तेल पातळ करत बसतं.

प्रश्न : नवीन तेल घातल्यापासून ब्रेक मारला की किंचाळतो आणि ट्रॅक्टर धक्के खात थांबतो. तेल चांगल्या कंपनीचं आहे, बिल आहे. गॅरेजवाला म्हणतो प्लेटा गेल्या, पन्नास टक्के ॲडव्हान्स द्या. (पेडणे)

ॲडव्हान्स देऊ नका अजून. तेल घालण्याच्या आदल्या दिवशी ब्रेक बरा होता आणि दुसऱ्या दिवशी किंचाळायला लागला, तर एका रात्रीत प्लेटा कशा जातील?

तेलातल्या ब्रेकमध्ये प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात तेव्हा मधे तेलाचा पातळ थर असतो. त्या थराने धड हळूहळू पकडू द्यायचं असतं. यूटीटीओमध्ये त्यासाठी घर्षण सांभाळणारी औषधं असतात, ती नसली की प्लेट पकडते-सोडते-पकडते-सोडते, सेकंदाला कितीतरी वेळा, तेच तुम्हाला किंचाळणं म्हणून ऐकू येतं आणि सीटवर धक्के म्हणून कळतं. कंपनी चांगली असणं आणि तेल योग्य असणं या दोन गोष्टी आहेत, बिलावर तेलाचं पूर्ण नाव वाचा, बहुतेक गिअर ऑइल किंवा साधं हायड्रॉलिक निघेल. योग्य तेलाने बदला, थोडे दिवस द्या, मोकळ्या जागेत हळू वेगात वीस-पंचवीस वेळा ब्रेक मारा म्हणजे प्लेटांत अडकलेलं जुनं तेल बाहेर येतं. तरीही राहिलं तर मग प्लेटा उघडा.

यावरून आठवलं. या औषधांचा जुना इतिहास मजेशीर आहे आणि थोडा लाजिरवाणाही. जॉन डिअरचं ३०३ नावाचं एक तेल होतं, अमेरिकेतले शेतकरी त्याच्यावर फिदा, कारण ब्रेक आवाज करत नसत. त्यातलं गुपित काय, तर स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाचं तेल! १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे देवमाशाच्या तेलावर बंदी आली आणि मग रसायनवाल्यांना कारखान्यात पर्याय शोधावा लागला. पुढे जे २० वगैरे कोड आले ते त्याच कुटुंबातले. आपल्याकडे मासळी खाणाऱ्यांना पण हे ऐकून कसंतरी होतं, एवढा मोठा प्राणी कशासाठी मारला तर ट्रॅक्टरचा ब्रेक किंचाळू नये म्हणून.

प्रश्न : आमची खाजन शेती, खाडीकाठची, बांध घालून केलेली. यंदा केज व्हील लावून चिखलणी केली, पाणी जास्त होतं. परवा डिपस्टिक काढली तर तेल दुधाच्या चहासारखं. वरून थोडं नवीन घातलं तर चालेल का? पुढे वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, परत ट्रॅक्टर लागणार. (तिसवाडी)

नाही चालणार. आणि या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे, कारण आपल्या गोव्यात तेल चुकीचं घातल्यामुळे जितके ट्रॅक्टर खराब होतात त्याहून जास्त पाण्याने होतात असा माझा गॅरेजमधला अनुभव आहे.

पाणी आत जातं कसं ते आधी ऐका. चिखलात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तास-दोन तास रोटाव्हेटर ओढून पेटी चांगली तापते, हात ठेवता येत नाही इतकी. मग ट्रॅक्टर खोल पाण्यात जातो किंवा वरून धो धो पाऊस येतो, पेटी एकदम थंड होते, आतली हवा आकुंचन पावते आणि पेटी बाहेरून श्वास ओढते. श्वास घ्यायला वर ब्रीदर नावाची छोटी टोपी दिलेली असते. ती टोपी चिखलाने बुजली असेल तर पेटी काय करणार, जिथून मिळेल तिथून ओढणार. ॲक्सलचं ऑइल सील पाण्याखाली असतं, ते तेल बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेलं असतं, बाहेरचं आत येऊ नये म्हणून त्याचं तोंड तितकं घट्ट नसतं, मग तिथून पाणी आत. गिअर लिव्हरचा रबरी बूट फाटला असेल तर तिथून पाऊस. डिपस्टिकचं रबर गेलं असेल तर तिथून. आणि काम झाल्यावर सर्व्हिसिंगला नेऊन प्रेशरच्या पाण्याने चिखल काढतात, तो फवारा नेमका सीलवर आणि ब्रीदरवर धरला तर मग बघायलाच नको.

खाजनात त्यात मीठ. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दाराने खाडीचं पाणी कधी थोडं जास्त आत आलं तर खारं पाणी पेटीत शिरतं आणि साध्या पाण्यापेक्षा ते कितीतरी लवकर गंज आणतं. बेअरिंगच्या गोळ्यांवर तपकिरी ठिपके, कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलवर, म्हणजे आतल्या सरकत्या दांड्यावर, ओरखडे, मग लिफ्ट अडकत उठते. एकदा एका ट्रॅक्टरचं वरचं झाकण उघडलं तर आत लोखंडावर मिठाचा पांढरा थर, बोटाने खरवडून मी जिभेला लावून बघितला, खरंच खारट. (हे तुम्ही करू नका, मी तेव्हा लहान होतो.)

आता तुमचं तेल. दुधाळ म्हणजे पाणीच असं नसतं, हवा मिसळली तरी तेल फिकट दिसतं. पक्कं करायचं असेल तर काचेची पांढरी बाटली घ्या, अर्धी भरा, रात्रभर टेबलावर ठेवा. हवा असेल तर तास-दोन तासांत बुडबुडे वर जाऊन तेल स्वच्छ होतं. पाणी असेल तर सकाळीही ढगाळ असतं, नाहीतर तळाला पाण्याचा वेगळा थर दिसतो. आणखी खात्री हवी तर पत्र्याचा जुना चमचा तापवा, पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र होऊन उडून जाईल इतका, आणि त्यावर तेलाचा एक थेंब सोडा. तडतडला तर पाणी आहे. बाहेर मोकळ्यावर करा, डोळ्याला चष्मा लावा, आणि घरातल्या घावन्यांच्या तव्यावर करू नका, बायकोने पकडलं तर मी जबाबदार नाही.

इंजिनच्या डिपस्टिकवर दुधाळ दिसलं तर तो वेगळा आजार आहे, तिथं बहुतेक हेड गॅस्केट किंवा कूलंटचं पाणी, ताबडतोब इंजिन बंद करा. तुमचं मागच्या पेटीचं आहे म्हणून मी जरा निवांत बोलतोय.

करायचं असं. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करा, लिफ्ट खाली, रात्रभर हलवू नका. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी खाली भांडं धरून ड्रेन प्लग पूर्ण न काढता फक्त ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं, पहिली धार पाण्याची येते. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरातून आमच्यासमोर असं जवळजवळ दोन लिटर निघालं होतं, धार आधी अगदी स्वच्छ, मग चहा, मग तेल. पण याने जे सुटं आहे तेवढंच निघतं, तेलात घोळलेलं राहतं, म्हणून तुमच्याकडे अख्खं तेल बदलायलाच हवं, फिल्टर आणि गाळणीसकट. कागदाचा फिल्टर पाण्याने फुगतो. गाळणीवर लोहचुंबक असेल तर त्यावर काळी मलमासारखी पेस्ट चालते, ती नेहमीची, पण नखाएवढे चकाकणारे तुकडे दिसले तर तेल घालायच्या आधी मेस्त्रीला बोलवा.

वरून थोडं नवीन घातलं तर काय होतं, नवीन तेलही चहा होतं. पैसे गेले ते गेले, शिवाय मनात एक समाधान की ‘केलं काहीतरी’, ते जास्त वाईट.

वायंगणाच्या आधी ब्रीदर काढून पेट्रोलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून हवा आरपार जाते का बघा. लिव्हरचा बूट नवीन घाला, तो काही महाग नसतो. आणि खाजनातून बाहेर आल्यावर त्याच संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने साध्या पाइपने धुवा, प्रेशर नको.

प्रश्न : पॉवर स्टिअरिंगच्या छोट्या टाकीत तेल कमी झालं. घरात कारच्या ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आहे, त्यावर ‘हायड्रॉलिक’ लिहिलंय. तीच घातली तर? (सत्तरी)

ताई, अजिबात नको. ब्रेक फ्लुइड हे मुळात खनिज तेलच नव्हे, ते ग्लायकॉलचं असतं आणि ट्रॅक्टरच्या पंपातले रबराचे सील त्याने फुगतात, मऊ होतात. एक कप घातला तरी पंपाचं वाटोळं. चुकून घातलं असेल तर इंजिन चालू न करता टाकी रिकामी करायची. स्टिअरिंगला काही कंपन्या मागच्या पेटीचंच तेल सांगतात, काही एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, सांगतात, ते पुस्तकातच बघायला लागेल. आणि तेल कमी का झालं तेही बघा, स्टिअरिंगच्या सिलिंडरच्या दांड्यावर ओला चिखल चिकटलाय का ते.

प्रश्न : ट्रॉली उचलायला जातो तेव्हा अर्ध्यावर येऊन थांबते, पंप कण्हायला लागतो. ट्रॉली आमची नाही, वाड्यावर तिघं-चौघं मिळून वापरतो. पंप गेला का? (फोंडा)

पंप जायच्या आधी तेलाची पातळी गेली असेल. ट्रॉली उचलणारा सिलिंडर भरायला तेल लागतं ते तुमच्या ट्रॅक्टरच्या पेटीतूनच जातं, कित्येक लिटर. पातळी आधीच काठावर असेल तर ट्रॉली वर जाता जाता पेटीतलं तेल इतकं खाली येतं की पंप हवा ओढायला लागतो, मग कण्हणं, मग फेस, मग थांबणं. पातळी बघताना ट्रॉली खाली, लिफ्ट खाली, सपाट जागा, इंजिन बंद करून पाच मिनिटं. वर उचललेल्या ट्रॉलीसकट डिपस्टिक बघून कुणी तेल भरलं तर उतरवल्यावर ते सगळं परत येऊन जास्त होणार, तेही वाईट, गिअर घुसळून फेस करतात.

पातळी बरोबर असूनही कण्हत असेल तर ओढायच्या बाजूची गाळणी बुजलेली असते, नाहीतर तिकडचा एखादा जोड हवा ओढतो.

आणि तुमच्या पत्रातली खरी गोष्ट शेवटच्या वाक्यात आहे. ट्रॉली चौघांची. म्हणजे एकाने ट्रॉली उतरवली की त्याचं सगळं तेल परत त्याच्या पेटीत येत नाही, थोडं सिलिंडरात आणि पाइपात राहतं, आणि दुसऱ्याने लावली की ते त्याच्या पेटीत. तुम्ही महागाचं यूटीटीओ घालता, दुसरा ९० घालतो, तिसऱ्याच्यात पाणी, आणि ती ट्रॉली चौघांची भेळ करून वाटत फिरते. एक तर चौघांनी एकच कोडचं तेल ठरवा, नाहीतर ट्रॉली लावायच्या आधी कपलिंगची तोंडं निदान फडक्याने पुसा, तिथून वाळूही जाते.

जाता जाता माझी फजिती सांगतो. जुन्या फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरांत लिफ्टचा पंप पेटीच्या आत असतो आणि पीटीओच्या, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या औजाराला देणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. पीटीओचा लिव्हर सुटलेला असेल तर पंप फिरतच नाही, लिफ्ट कशी उठणार? मी नवा होतो तेव्हा असा एक ट्रॅक्टर आला, लिफ्ट मेलेली. मी तेल काढलं, वरचं झाकण उघडलं, अर्धा दिवस घालवला. मालक काजूच्या झाडाखाली बसून बघत होता. शेवटी तोच उठला, लिव्हर आत ढकलला, म्हणाला ‘आता बघ रे’. झाकण बसवल्यावर लिफ्ट टणकन वर. तेलाचे पैसे मी घेतले नाहीत.

प्रश्न : इंजिन बंद केलं की नांगर हळूहळू खाली बसतो. जाड तेल घातलं तर राहील का वर? (सांगे)

थोडे दिवस राहील, मग परत बसेल. सिलिंडरच्या पिस्टनचं सील किंवा व्हॉल्व्ह झिजलाय, त्यावर जाड तेल म्हणजे फुटक्या कौलाखाली बादली. सील बदला. आणि तोपर्यंत उचललेल्या औजाराखाली हात-पाय घालायचे नाहीत, खाली दगड किंवा लाकडाचा ओंडका द्या.

प्रश्न : इंजिनला आम्ही वर्षानुवर्षं २०-डब्ल्यू-४० घालतो. मुलगा म्हणतो १५-डब्ल्यू-४० घाल आणि सीआय-४ बघून घे. फरक काय? (काणकोण)

मुलगा हुशार आहे, पण अर्धाच भांडतोय. १५ आणि २० हा डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती वाहतं त्याचा. काणकोणात थंडी ती कसली, पहाटे शाल घेतली की झालं. गरम इंजिनात दोन्ही ४० च. तेव्हा जाडीसाठी घरात वाद नको.

पण सीआय-४ चं त्याचं बरोबर आहे. सी म्हणजे डिझेल इंजिनांची श्रेणी, त्यानंतरचं अक्षर जितकं पुढचं तितकं तेल नवं. सीएफ-४ आलं १९९० मध्ये, सीएच-४ १९९८ मध्ये, सीआय-४ २००२ मध्ये. नव्या श्रेणीचं तेल काजळी आणि ॲसिड जास्त सांभाळतं. पुस्तकात जी श्रेणी दिलीय ती किंवा तिच्या पुढची घ्या, मागची नको. दुकानात मोठ्या अक्षरात ‘डिझेल स्पेशल’ लिहिलेलं असतं आणि श्रेणी शोधूनही सापडत नाही, ते तेल नको. सुट्टं, पिंपातून काढून दिलेलं तर अजिबात नको, स्वस्त असलं तरी. बदलायची वेळ तासांवर ठरवा, बऱ्याच पुस्तकांत अडीचशे तास असतात, पण तुमचा ट्रॅक्टर वर्षाला तितका चालत नसेल तर वर्षातून एकदा बदलाच, पावसाळा संपल्यावर.

प्रश्न : काढलेलं जुनं तेल आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना लावतात, वाळवी लागत नाही. कुणीतरी सांगितलं हा गुन्हा आहे. खरं काय? (बार्देश)

आमच्या घरी पण लावायचे, आजोबांचा ब्रश अजून मांगरात आहे, काळा कुळकुळीत. वाळवी कमी होते हे खरं, पण पहिल्या पावसात ते तेल खांबावरून मातीत आणि मातीतून पाटात जातं. खाजनाच्या बाजूला असाल तर पाटातून पोयीत, म्हणजे मानशीजवळच्या तळ्यात, जिथं तुम्ही सुंगटं (कोळंबी) धरता.

कायद्याचं म्हणाल तर वापरलेलं तेल हा घातक कचरा धरला जातो, २०१६ च्या नियमांप्रमाणे ते नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवं. घरच्या पाच लिटरसाठी तुम्ही पुनर्वापरवाला कुठं शोधणार, तर मोठ्या गॅरेजमध्ये पिंप ठेवलेलं असतं, त्यांच्याकडून गाडी येऊन घेऊन जाते, तुमचा कॅन तिथं ओतून या. बहुतेक नाही म्हणत नाहीत. फक्त त्यात पाणी, पेट्रोल, रंग काही मिसळू नका आणि कॅनवर मार्करने ‘जुनं तेल’ लिहा, कारण आमच्याच वाड्यावर एकाने ते खोबरेल समजून समईत घातलं होतं, दिवाळीच्या संध्याकाळी, आणि अख्खं देवघर काळं झालं.